पहिल्या रविवारचा रस

सगुणाबाईंनी परातीतल्या मनुका दोन्ही हातांनी चोळायला घेतल्या आणि पाणी परातीबाहेर उडायला लागलं. ओट्यावर, स्वेटरच्या बाह्यांवर, खाली फरशीवर. त्या मुद्दाम चोळत होत्या की हात आपले आपण हलत होते, हे स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या दिशाला सांगता आलं नसतं. तिचं लक्ष मनुकांवर नव्हतंच. ओट्याच्या कोपऱ्यातल्या बरण्यांवर होतं. साखरेची बरणी जागेवर होती. मिठाची तिनं सकाळीच उचलून वरच्या कपाटात, डाळींच्या डब्यांमागे ढकलली होती.

"मीठ कुठंय गं?" सासूबाईंनी मागे न वळता विचारलं.

दिशा दारातून पुढे आली. "मीठ कशाला हवंय आई?"

"पहिलं पाणी मिठाचं नको का? द्राक्षांवर काय काय फवारतात हल्ली."

"मी देते."

तिनं स्टूल ओढलं, बरणी काढली, चमचाभर मीठ परातीत टाकलं आणि बरणी पुन्हा वर ठेवून दिली.

"राहू दे की इथंच. सारखं कोण चढणार?"

"नाओमीचा हात पोचतो."

तीन वर्षांच्या नाओमीचा हात ओट्याच्या कडेलाही पोचत नव्हता. सगुणाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, मग परातीकडे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीत सगळे एका प्याल्यातून द्राक्षरसाचा घोट घेत, आणि त्या प्याल्यातला रस सगुणाबाईंच्या घरून जाई. दिशा लग्न होऊन या घरात आली त्याच्या कितीतरी आधीपासूनची ही रीत. शुक्रवारी काळ्या मनुका भिजायच्या, शनिवारी धुऊन, उकळून, मलमलच्या फडक्यातून गाळून रस बाटलीत भरायचा, रविवारी सकाळी बाटली पिशवीत घालून चर्चला न्यायची. उपासना चालवणारे पाळक बदलले, पंच बदलले, चर्चचे कौलारू छप्पर जाऊन पत्रे आले, रस तोच राहिला. सगुणाबाई मुलींच्या बोर्डिंगात मेट्रन होत्या. दूध नासायला लागलंय हे त्या दारातूनच ओळखायच्या, असं मंडळीतल्या बायका अजून सांगतात. आता कंपवातानं हात धरले होते. डॉक्टर दिशाला बाजूला घेऊन म्हणाले होते, या आजारात वास पुष्कळदा आधीच गेलेला असतो, वास गेला की चवही जाते, आणि माणसाला ते उशिरा कळतं.

सासूबाईंना कळलं होतं की नाही, हे विचारायला कोणी धजावलं नव्हतं.

आणि मागच्या महिन्यात त्यांनी रसात साखरेऐवजी मीठ घातलं. दोन्ही बरण्या शेजारी शेजारी, एकसारख्या झाकणांच्या. दिशाला ते वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकल्यावर, प्याला ओठाला लागल्यावर कळलं. तिनं डोळे मिटले आणि गिळलं. उठून परत येताना तिनं पाहिलं, सगळी मंडळी तेच करत होती. प्रभूचा प्याला, त्याला तोंड कसं वाकडं करणार? म्हाताऱ्यांनी गिळलं, नव्यानं दृढीकरण होऊन प्याल्याचा हक्क मिळालेल्या पोरांनी गिळलं, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनीही गिळलं. उपासना संपल्यावर फाटकाशी महिला संघाच्या लताबाई सासूबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आई, रस कसा अगदी पूर्वीसारखा झाला होता बरं का." दिशाच्या जिभेवर अजून खारट होतं.

तिला राग आला तो तिथंच, फाटकाशी. तो महिनाभर उतरला नव्हता.

बुधवारी पाळकसाहेबांचा फोन आला होता, तोही तिलाच. आवाज मऊ लोण्यासारखा. आईंना न दुखवता काही करता येईल का, दुकानातली ज्यूसची बाटली आणली तरी पंचांची हरकत नाही, पण आईंना सांगायचं कसं, तुम्ही घरच्या आहात, तुम्ही बोललात तर त्यांना वाईट वाटणार नाही. दिशानं फोन कानाला धरून भिंतीवरचं कॅलेंडर बघत सगळं ऐकून घेतलं. घरच्या आहात. एकट्यानं आंघोळीला जाऊ नका, हे सांगायला ती घरची. नाओमीला कडेवर घेऊ नका, हे सांगायला ती घरची. ते ऐकून सासूबाई दोन दिवस जेवणापुरत्याच बोलल्या होत्या, तेव्हा शमुवेल, त्यांचा सख्खा मुलगा, वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. या घरातलं प्रत्येक 'नाही' म्हणायचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि कोणी दिलं तेही तिला आठवत नव्हतं.

तिला खरं तर एवढंच हवं होतं, की हे प्रकरण घरातून जावं. शनिवारची ती पेटलेली शेगडी, ते उकळतं पातेलं, ते थरथरते हात, आणि पायात पायात येणारी नाओमी. दर महिन्याच्या त्या शनिवारी तिचा अर्धा जीव स्वयंपाकघरात टांगलेला असायचा.

नाओमीला दिवाणखान्यात वरणभात भरवता भरवता तिला वास आला. करपलेल्या गुळासारखा, नाकात चढणारा. ती तशीच खरकट्या हातानं उठली.

सगुणाबाई शेगडीसमोर उभ्या होत्या. एका हातानं ओट्याची कड धरलेली, दुसऱ्या हातात डाव. भजनाची ओळ गुणगुणत त्या रस ढवळत होत्या, वाफ थेट तोंडावर येत होती, आणि तळाशी लागलेल्या मनुकांचे काळे तुकडे डावाबरोबर गोल फिरत होते.

"बघ," त्या म्हणाल्या. "रंग कसा आलाय."

आता, दिशानं स्वतःला बजावलं. आत्ता सांग. आई, खाली लागलाय. तीन शब्द, त्यात अवघड काय आहे?

सासूबाईंच्या कपाळावर घाम होता. केस वाफेनं चिकटले होते. कितीतरी दिवसांनी त्यांची मान ताठ होती.

"छान आलाय," दिशा म्हणाली. "आता पुरे आई. मी बंद करते."

गॅसचं बटण फिरवताना तिला स्वतःच्या आवाजात लताबाई ऐकू आल्या.

रस गाळून झाला, बाटली फ्रीजमध्ये गेली. सगुणाबाई नाओमीला घेऊन आतल्या खोलीत आडव्या झाल्या. दिशानं गॅलरीत जाऊन शमुवेलला फोन लावला. तो सातपूरला कंपनीत होता, मागे मशीनचा घरघराट.

"सांगितलंस?"

"नाही. या वेळी करपवलाय त्यांनी."

"बरं झालं नाही सांगितलंस. उगाच मनाला लावून घेईल."

"मग उद्या अख्ख्या मंडळीला करपट पाजायचं?"

"तू बघ ना काहीतरी. तुझं ऐकते ती."

"शमू, तुझी आई आहे."

"माझी आहे म्हणूनच बोलवत नाही गं मला," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खरा होता, की तिला आणखीच चीड आली. तिनं फोन ठेवून दिला.

दुकानातली बाटली चालली नसती. सासूबाईंचं नाक गेलं होतं, डोळे शाबूत होते. तो पातळ, जांभळा रस त्यांनी लांबूनच ओळखला असता. उरलेल्या मनुका डब्यात होत्या. दिशानं दार ओढून घेतलं, कुकरच्या भांड्यात पाणी ठेवलं आणि स्वतः रस करायला घेतला. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिनं फक्त पाहिलं होतं. दर महिन्याला धास्तीनं पाहता पाहता सगळं पाठ झालं होतं. रस गाळून होईपर्यंत आतून एकदाही हाक आली नाही. तिनं फ्रीजमधली बाटली बेसिनमध्ये पालथी केली आणि नळ सोडला. काळपट रस बराच वेळ जाळीभोवती फिरत राहिला. बाटली विसळून तिनं स्वतःचा रस भरला, बूच लावलं, कडेला ओघळलेला थेंब पदरानं पुसला. चोरी करावी तसं तिनं हे सगळं उरकलं. कोणाचं काय चोरलं, ते मात्र नीट सांगता येत नव्हतं.

रविवारी शमुवेलची पहिली पाळी होती. तिघी रिक्षानं निघाल्या. गंगापूर रोडवर थंडी अजून रेंगाळत होती, नाओमीनं आजीच्या शालीत डोकं खुपसलं होतं. बाटलीची पिशवी सगुणाबाईंच्या मांडीवर. ती त्या कोणाला धरू देत नसत.

फाटकाशी सहादूकाका उभे होते. घंटा देण्यापासून बाकं पुसण्यापर्यंत चर्चचं सगळं तेच बघत.

"सलाम आई. आज गारठा लय हे."

"सलाम. म्हणून दाढी केली नाहीस वाटतं."

"पाणी गरम व्हायच्या आधी घंटेची वेळ झाली."

नाओमीला संडेस्कूलच्या मुलांत सोडून दिशा सासूबाईंबरोबर वेस्ट्रीत, पाळकांच्या तयारीच्या खोलीत आली. पाळकसाहेब थोरात पांढरा झगा अंगात चढवत होते. टेबलावर चांदीचा मुलामा दिलेला प्याला, बाजूला घडी केलेलं पांढरं फडकं. एरवी सगुणाबाई बाटली ठेवून, दोन शब्द बोलून बाहेर पडत. आज त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पर्समधून रुमालात गुंडाळलेला चमचा काढून टेबलावर ठेवला.

"पाळकसाहेब, मागच्या महिन्यात रस कसा झाला होता?"

थोरातांचा हात झग्याच्या बाहीतच अडकला. "छान होता की आई. नेहमीसारखा."

"सहादू?"

"मला काय कळतंय त्यातलं?" सहादूकाका प्याला पुसत म्हणाले. तो मघाच लख्ख झाला होता. "मी आपला घंटेचा माणूस."

"उपासना झाल्यावर उरलेला रस पाळकांनीच संपवायचा असतो ना?"

"हो, म्हणजे, तशी पद्धत आहे."

"मागच्या वेळी संपवलात आणि इथं येऊन उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायलात. दार उघडं होतं."

पाळकसाहेब हसायला गेले, पण ते हसू पूर्ण झालं नाही.

"मी पहिल्या बाकावर बसते," सगुणाबाई म्हणाल्या. "गुडघे वाकत नाहीत म्हणून तुम्हीच बसवलंत तिथं. कठड्यावरून परत येणारं एकेक तोंड माझ्यासमोरून जातं. माझी जीभ मला काही सांगत नाही, वर्ष होऊन गेलं. मग मी तोंडं वाचते. मागच्या वेळी लताबाईनं डोळे मिटले होते, ते प्रार्थनेला नव्हते."

"आई, तुमची सेवा प्रभूच्या दृष्टीनं—"

"प्रभूचं मी प्रभूशी बघते. तुम्हाला काय लागलं ते विचारतेय."

थोरात अगदी हळू म्हणाले, "वय झालं की होतं थोडंफार आई."

"काय होतं?"

त्यांनी सहादूकाकांकडे पाहिलं. सहादूकाका प्याल्यात पाहत होते.

सगुणाबाईंनी बाटलीचं बूच काढायला घेतलं. ते निघेना. दिशा पुढे झाली, तिनं काढून दिलं. सासूबाईंनी चमच्यात रस ओतला. निम्मा टेबलावर सांडला, निम्मा चमच्यात राहिला. थरथरता चमचा त्यांनी सुनेसमोर धरला.

"तू चाख. आणि सांग."

आजवर त्यांनी कोणाला असं सांगितलं नव्हतं. दिशानं चमचा तोंडात घेतला. तिचाच रस होता, त्यात काही वाईट नव्हतं. छान आहे म्हटलं असतं तर ते खोटंही झालं नसतं, आणि सगळे मोकळे झाले असते. पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहून किंचित मानही हलवली. म्हणा, म्हणून टाका.

ती मान हलली आणि दिशाच्या डोक्यात महिनाभर शिजत असलेलं काहीतरी उतू गेलं.

"मागच्या वेळी मीठ होतं," ती म्हणाली. "बरण्यांची अदलाबदल झाली तुमच्या हातून. सगळ्यांना कळलं, कोणी बोललं नाही. मीही नाही. आणि हा रस तुमचा नाहीये आई. काल तुमचा खाली लागला होता. मी तुम्हाला छान म्हणाले आणि दुपारी ओतून दिला. हा मी केलाय."

दिशाला वाटलं, आता या उठतील, घरी जातील आणि पुन्हा जेवणापुरत्याच बोलतील. या वेळी किती दिवस, कोण जाणे.

"कुठं ओतलास?" सगुणाबाईंनी विचारलं.

"बेसिनमध्ये."

"अगं बाई. एवढ्या मनुका. निदान खाली जास्वंदीला तरी घालायचास."

"सुचलं नाही."

"सुचलं नाही म्हणे." त्यांनी रुमालानं टेबलावरचा रस टिपायला घेतला. तो टिपला जाण्यापेक्षा पसरतच होता, पण मदतीला पुढे आलेला सहादूकाकांचा हात त्यांनी बाजूला केला. टिपता टिपताच बोलल्या, कोणा एकाकडे न बघता. "नाक गेलं, जीभ गेली, आता हात चाललेत. त्यानं दिलेलं तो एकेक परत मागतोय. मी भांडते त्याच्याशी, रोज पहाटे भांडते. त्याचं आणि माझं आम्ही बघून घेऊ. पण तो मला खोटं सांगत नाही. प्रभूचा प्याला म्हणून लोकांनी गिळलं, ते ठीक झालं. पण मला कशाला गिळताय सगळे? मी काय प्याल्यात बसलेय?"

पाळकसाहेबांनी अडकलेली बाही सोडवली आणि झग्याची बटणं लावायला लागले. एक बटण चुकलं, ते त्यांनी पुन्हा सोडलं.

"सहादू, घंटा दे. वेळ झाली," सगुणाबाई उठत म्हणाल्या. दारात थांबल्या. "आणि साहेब, आज पापांगीकार जरा सावकाश म्हणा. हल्ली घाईत उरकता."

पापांगीकार खरोखरच सावकाश झाला. सगळी मंडळी गुडघ्यांवर, डोकी खाली. पाळकसाहेब आपल्या चुका कबूल करण्याची ती प्रार्थना एकेक शब्द सुटा करून म्हणत होते. पहिल्या बाकावर सगुणाबाई बसल्या जागी पुढे वाकल्या होत्या. शेजारी दिशा. मनातल्या मनात ती वेस्ट्रीतली वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती. इतकं उघडं बोलायला नको होतं. परक्यांसमोर तर नकोच होतं. पण मग कोणासमोर, आणि केव्हा?

प्रभुभोजन सुरू झालं. लोक कठड्याशी जाऊन परत येऊ लागले आणि दिशाच्या लक्षात आलं, की आज तीही तोंडं वाचते आहे. लताबाई आल्या, डोळे उघडे. दृढीकरणाची पोरं आली, एकमेकांना ढकलत. कोणाच्याच तोंडावर काही नव्हतं. तिला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ स्वतःचाच राग आला. काय म्हणून हायसं वाटावं? ही काय आपली परीक्षा होती?

शेवटी पाळकसाहेब प्याला घेऊन पहिल्या बाकापाशी आले. सगुणाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. थोरातांनी प्याला सोडला नाही, त्यांनीही ओढला नाही. चारही हातांनी मिळून तो त्यांच्या ओठांपर्यंत गेला. मग दिशाची पाळी आली. तिथंच, सासूबाईंच्या शेजारी गुडघे टेकून तिनं घोट घेतला.

ती उठून बाकावर बसते न बसते तोच सगुणाबाई तिच्या कानाशी झुकल्या. बोर्डिंगातल्या मेट्रनची कुजबुज तीन बाकांपर्यंत पोचते.

"काय लागलं?"

मागून कोणीतरी खाकरलं. दिशानं जीभ टाळूला लावून पाहिली. वेस्ट्रीतल्या त्या अर्ध्या चमच्यात तिला चव नीट कळली नव्हती.

"साखर जास्त झालीय," ती म्हणाली.

"किती घातलीस?"

"अंदाजानं घातली."

"अंदाज माझा असतो. तू मोजून घालायचीस." सगुणाबाई पुन्हा ताठ बसल्या, शाल सारखी केली आणि समोर बघत राहिल्या. "पुढच्या महिन्यात कमी घाल."

दिशानं मान डोलावली. पेटीवर भजनाचा सूर लागला, सगळे उभे राहिले, आणि तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की आपण कशाला मान डोलावली.